जमिनीखालचे धरण

खान्देशच्या शेतीवरचे पुस्तक म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी केळीची बाग उभी राहते. फैजपूर-सावदा-रावेर या रस्त्याने एकदा गेलेल्या माणसाला ती विसरता येत नाही. तरीही हे पुस्तक केळीपासून सुरू होत नाही. ते सुरू होते बागांच्या उत्तरेला, जिथे काळी माती संपते, पायाखाली दगडगोटे लागू लागतात आणि समोर सातपुड्याची पहिली सोंड दिसते. या पट्ट्यात पीक फारसे येत नाही, म्हणून शेतीवरच्या लेखनात त्याला जागा मिळत नाही. खान्देशची शेती समजून घ्यायची तर मात्र इथूनच निघावे लागते. खालच्या बागांच्या विहिरींत येणारे पाणी जमिनीत शिरते ते इथून.

शेती कृषी खात्याकडे, जंगल वन खात्याकडे, धरणे पाटबंधाऱ्याकडे आणि विहिरींचे पाणी भूजल यंत्रणेकडे, अशी आपल्याकडची वाटणी आहे. कामाच्या सोयीसाठी ती झाली असेल. पण जळगाव-धुळ्यात तिने नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे शेत, बाग आणि रान यांचा हिशेब एकाच पाण्यावर चालतो. डोंगरावरचे झाड तुटले की त्याची किंमत दहा-पंधरा वर्षांनी खालच्या गावातला बागायतदार बोअर आणखी खोल नेऊन मोजतो. ही किंमत कोणत्याच खात्याच्या वहीत लिहिली जात नाही.

तापीचे खोरे ही दोन डोंगररांगांमधली लांबट, खचलेली पट्टी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीच्या सोंडा. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते आणि तापी तशीच पश्चिमेकडे गुजरातेत उतरते. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या लांबून येणाऱ्या नद्या. उत्तरेकडून सुकी, मोर, गूळ, अनेर, अरुणावती या सातपुड्यातून धावत खाली येणाऱ्या. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळावर वसलेला आहे आणि त्या कातळात पाणी फटींपुरतेच साठते. तापीकाठी हा कातळ खोल खचला. त्या खळग्यात नद्यांनी लाखो वर्षे वाळू, गोटे आणि माती आणून टाकली. या गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो फूट आहे. वाळूच्या थरांत पाणी राहते, मधल्या पिवळ्या चिकण मातीतून ते सहज खाली जात नाही. मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे ओढे डोंगर सोडतात, तिथे मोठे गोटे आणि भरड वाळूचा सलग पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात भरून आलेला ओढा या पट्ट्यात शिरला की थोड्या अंतरात बारीक होत जातो. ते पाणी खाली गेलेले असते. खान्देशातले सर्वांत मोठे धरण हे आहे. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, आणि त्याच्या उद्घाटनाला कधी कुणी आले नाही.

ही गोष्ट इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर उन्हात आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. पाऊस जळगावकडे साधारण सातशे मिलिमीटर, धुळे-शिंदखेड्याकडे त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांत उरकलेला. ऊन इथे पिकाचा पहिला भांडवलदार आहे. दिवाळीच्या सुमारास कपाशीची बोंडे कोरड्या हवेत स्वच्छ फुटतात ती या उन्हामुळे. तीळ, भुईमूग, मिरची, गव्हाचा टपोरा दाणा, केळीचा भरलेला घड, सगळे त्याच्याच जोरावर. पण तेच ऊन उघड्या पाण्यावर पडले की पाणी उडवून नेते. हतनूरचा जलाशय १९८२ पासून तापीवर उभा आहे, गिरणा धरण १९६९ पासून. दोन्हींनी या भागाला खूप दिले. तरी पसरट, उथळ, गाळाने भरत चाललेल्या जलाशयातून उन्हाळ्यात किती पाणी वर जाते, हे काठच्या गावांना सांगावे लागत नाही. जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही. एवढ्या तापलेल्या मुलखात पाणी ठेवायची सर्वांत शहाणी जागा जमिनीच्या पोटात आहे, आणि निसर्गाने ती जागा तयार करून ठेवलेली आहे.

केळी इथे रुजली ती या साठ्याच्या भरवशावर. मूळची दमट हवेची ही झाडे कोरड्या खान्देशात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरली, कारण पाणी विहिरीत हाताला लागत होते आणि रेल्वे दाराशी होती. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जाऊ लागल्या. बरीच वर्षे बसराई हे वाण होते. घड कापायला दीड वर्ष लागे. पुढे श्रीमंती, महालक्ष्मी आली आणि नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैनने सगळे गणितच बदलले. अकरा-बारा महिन्यांत घड तयार, सगळ्या झाडांची निसवण (घड बाहेर पडणे) जवळपास एकदम, म्हणून कापणीही एकदम.

बागेतल्या कामाकडे जवळून पाहिले तर हे पीक किती नाजूक आहे ते कळते. जून-जुलैत लावली ती मृगबाग, पावसाळा सरताना लावली ती कांदेबाग. झाडाच्या बुंध्याशी येणारी पिल्ले वेळेवर काढावी लागतात. एक पिल्लू पुढच्या पिकासाठी राखले तर त्या बागेला पिलबाग म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ अंशांखाली सलग काही दिवस राहिला की पाने पिवळी पडतात, निसवण अडकते, आणि माणसे चरका पडला म्हणून बोलू लागतात. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भाषाही या आठ अंशांभोवतीच फिरते. मे-जूनमध्ये वादळ आले तर भरल्या घडांची झाडे अर्ध्या तासात आडवी होतात. अलीकडच्या पावसाळ्यांत सीएमव्ही या विषाणूने रावेर-यावलमध्ये नुकत्याच लावलेल्या बागा उपटायला लावल्या. इतके सारे पार करून कापणीचा दिवस उजाडतो. मजुरांची टोळी सकाळीच येते. एक जण विळ्याने घड उतरवतो, दुसरा खांद्यावर झेलतो, ट्रॉलीत केळीचीच पाने अंथरून त्यावर घड रचले जातात, कारण सालीला लागलेला एक ओरखडाही पुढे काळा पडतो. भावाच्या फलकावर नवती, पिलबाग आणि वापसी असे वेगवेगळे आकडे असतात. नवतीचा सर्वांत वरचा, वापसीचा सर्वांत खालचा. बागायतदाराची वर्षभराची झोप या तीन शब्दांत अडकलेली असते.

ठिबक आले नसते तर हे पीक आजच्या पसाऱ्यात टिकले नसते. त्याचे श्रेय देताना भवरलाल जैन यांचे नाव घ्यावेच लागते. वाकोदच्या शेतकरी घरातला हा माणूस (१९३७–२०१६) रॉकेलच्या धंद्यातून पपेन, पीव्हीसी पाइप असा येत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबककडे वळला, आणि जळगाव हे नाव जगभरच्या सूक्ष्म सिंचनात पोहोचले. पण ठिबकबद्दल एक गोष्ट परखडपणे सांगायला हवी. त्याने एकरी पाणी वाचवले, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर बागेखाली आले. विहिरीतून होणारा एकूण उपसा त्यामुळे घटला नाही. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले ते ठिबक असूनही. नळी हे साधन आहे. किती पाणी काढायचे हा निर्णय नळी घेत नाही, तो माणसांनी घ्यायचा असतो.

हा निर्णय एकत्र घेण्याची उत्तम पद्धत धुळे जिल्ह्यात शेकडो वर्षे चालू होती, हे नव्या पिढीला सांगणे मला अगत्याचे वाटते. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्याच्या काठाने निघालेला पाट, आणि पाटाखालचे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे: या वर्षी इथे ऊस, तिथे गहू, पलीकडे बाजरी, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे पाण्याचे सुख आणि पाण्याची ओढ दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत. शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही. पाणी पाटकरी देणार. पिकाची राखण जागल्या करणार. या माणसांचे पोट शेतकऱ्यांनी खळ्यावर दिलेल्या धान्यावर चालायचे, म्हणून त्यांची बांधिलकी सरकारशी नव्हे तर थळाशी होती. दरवर्षी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरचा माणूस जायचा. पीक कोणते घ्यायचे हे आधी पाणी पाहून ठरत होते, आज आपण पीक आधी ठरवतो आणि पाणी नंतर शोधतो. पुढे वरच्या अंगाला लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही धरणे झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याला त्याला आपल्या शेतात आपले पीक हवे झाले, आणि बहुतेक फड विस्कटले. काही गावांत पाट अजून वाहतो. ते बंधारे पुरातत्त्वाचे अवशेष म्हणून पाहू नयेत. पाण्याच्या वाटपाबद्दल आज आपण जे कायदे लिहितो आहोत, त्यातले बरेचसे तिथे कागदाशिवाय अमलात होते.

शिरपूरचा प्रयोग याच्या दुसऱ्या टोकाचा, यंत्रांचा. २००४ नंतर भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर तालुक्यातले नाले रुंद आणि खोल केले, ठरावीक अंतरावर सिमेंटचे बंधारे बांधले, कोरड्या पडलेल्या विहिरींत पाणी सोडले. त्यांचा मुद्दा साधा होता. तापीकाठच्या गाळात पिवळ्या मातीचा थर पाण्याला अडवतो. तो थर फोडून खालच्या वाळूपर्यंत नाला नेला तर पाणी आपोआप आत जाईल. तीस-चाळीस फूट खोल नाल्याच्या कडेला उभे राहिले की भिंतीत सगळा इतिहास दिसतो: वर काळी, मग जाड पिवळी, आणि तिच्याखाली ओलसर वाळू. शिरपुरात विहिरींना पाणी चढले आणि राज्यभरातून माणसे बघायला आली. दुर्दैवाने बघणाऱ्यांपैकी अनेकांनी जेसीबी तेवढा पाहिला. ज्या गावात खाली वाळू नाही, सरळ कातळ आहे, तिथेही नाले खोल केले गेले. काही ठिकाणी त्यामुळे शेजारच्या विहिरींचेच पाणी नाल्यात ओढले गेले. शिरपूरचे काम भूगर्भ वाचून केलेले होते, आणि तिथून शिकायचे ते एवढेच.

आता रानाकडे. खान्देशचे जंगल पाहुण्याला पटकन आवडत नाही. उन्हाळ्यात ते करडे, निष्पर्ण दिसते. साग, सालई, धावडा, खैर, पळस, टेंभुर्णी, मोह, चारोळी, आणि ज्याच्याविषयी मला विशेष प्रेम आहे तो अंजन. जिथे बोटभर मातीसुद्धा नाही अशा तापलेल्या दगडावर अंजन उभा राहतो. त्याचे लाकूड इतके कठीण की कुऱ्हाड परत येते, पाला गुरांना चालतो, आणि छाटला तरी तो पुन्हा फुटतो. या झाडांची मुळे दगडाच्या भेगा उघड्या ठेवतात, त्यांचा पाला उतारावरच्या पाण्याचा वेग मोडतो. पायथ्याच्या बझाड्यात माती न येता पाणी येते ते या करड्या जंगलामुळे. झाडे गेली की पाण्याबरोबर माती येते, गोट्यांमधल्या जागा बुजतात, आणि जमिनीखालच्या धरणाचे तोंडच लिंपले जाते. यावलच्या अभयारण्याचा जन्म १९६९ सालचा, शिरपूरजवळच्या अनेर धरण अभयारण्याचा १९८६ चा. मेळघाटाकडून पश्चिमेला येणाऱ्या वन्यप्राण्यांच्या वाटेवर ही दोन्ही आहेत. मी त्यांच्याकडे वाघ-बिबट्यांच्या निमित्ताने पाहतोच, पण रावेर-चोपड्याच्या बागायतदारांनीही आपल्या विहिरीचा वरचा भाग म्हणून त्यांच्याकडे पाहावे, असे मला वाटते.

या रानात माणसे राहतात: भिल्ल, पावरा, बारेला, तडवी, आणि पश्चिमेला साक्रीकडे कोकणा, मावची. इंग्रजांच्या १८७८ च्या वनकायद्याने त्यांचे रान सरकारी झाले आणि ते स्वतःच्याच डोंगरात चोर ठरले. जंगल तोडले कुणी याची चर्चा करताना आपण सोयीने आजच्या अतिक्रमणापासून सुरुवात करतो. रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि कोळशासाठी आधीची शंभर वर्षे काय झाले ते विसरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय निदान कागदावर मान्य केला. ज्याला रानावर हक्क नाही, त्याच्याकडून राखणीची अपेक्षा करता येत नाही, हे बारीपाड्याने फार आधी ओळखले होते.

साक्री तालुक्यातला बारीपाडा हा छोटा कोकणा पाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचे डोंगर उघडे पडले होते आणि बायका पाण्यासाठी लांब जात होत्या. चैत्राम पवार या शिकलेल्या तरुणाने, वनवासी कल्याण आश्रमाच्या मदतीने, गावाला बसवून नियम ठरवले: कुऱ्हाडबंदी, चराईवर बंधन, मोडणाऱ्याला दंड, राखणीला गावचाच माणूस. झाडे लावण्यापेक्षा उरलेली खोडे फुटू देण्यावर त्यांनी भर दिला, आणि हीच त्यातली मर्माची गोष्ट आहे, कारण मुळे शाबूत असतील तर सातपुडा-सह्याद्रीचे रान स्वतःहून परत येते. आज सुमारे ११०० एकर जंगल गाव राखते. विहिरींना पाणी आहे, भाताचे पीक सुधारले आहे, शेजारच्या गावांनाही पाणी मिळाले. दरवर्षी तिथे वनभाज्यांचा महोत्सव भरतो आणि बायका रानातल्या भाज्या शिजवून मांडतात; परीक्षक चव पाहतात तशी भाजीची माहितीही विचारतात. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. पद्मश्री एका माणसाला मिळते, जंगल मात्र गावाने राखले, हे ते स्वतःही आवर्जून सांगतात.

कोरडवाहू शेतीला या पुस्तकात मोठी जागा आहे आणि ती मुद्दाम आहे. बागायतीचा झगमगाट पाहून आपण विसरतो की पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, धुळे या भागांत आजही बहुतेक घरे पावसाच्या भरवशावर कपाशी, बाजरी, ज्वारी, मूग, उडीद पेरतात. कपाशीची कथा स्वतंत्र प्रकरणात येते: जळगावच्या संशोधन केंद्राने दिलेल्या जरीला आणि विरनार या देशी वाणांपासून २००२ नंतरच्या बीटीपर्यंत, आणि २०१७ च्या गुलाबी बोंडअळीपर्यंत. जळगावनेच १९७९ मध्ये दिलेला जेएल-२४ भुईमूग देशभर पेरला गेला. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर झालेल्या कामातून लोहाने समृद्ध असे धनशक्ती वाण पुढे आले. कमी पाण्यावर रक्तातले लोह वाढवणारी बाजरी धुळ्यात तयार होते आणि तिथल्याच मुलांच्या ताटातून बाजरी हटत जाते, याचे मला दुःख आहे.

या सगळ्या धाग्यांची गाठ पाहायची तर थंडीत बामणोदकडचे हिरवे, मोठे भरताचे वांगे बघावे. वांगी शेतातली, भाजायला कपाशीच्या वाळल्या काड्या, ठेचायला लाकडी बडगी, सोबत उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी, वाढायला केळीचे पान. बागायत आणि कोरडवाहू एका पंगतीत बसतात. जळगावच्या केळीला आणि या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण वांगे इथलेच का, हे ज्या मातीने ठरवले तिच्याकडे लक्ष गेले तर त्या मानांकनाचा खरा उपयोग.

शेतकऱ्याचे म्हणणे राजकारणाच्या मध्यभागी आणण्याचा मानही या मुलखाचा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले आणि शेतसारा, खंड, कर्ज यांवरचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी पेरणीपासून उपणणीपर्यंत शेतीचे प्रत्येक काम गाण्यात आणले. ती गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या विद्यापीठाने भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांना एका नाल्याच्या काठी एकत्र उभे करावे, ही माझी जुनी इच्छा आहे.

शेवटी पुन्हा उन्हाचा एक नवा प्रश्न. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे आणि आता शेतोशेती सौरपंप बसत आहेत. रात्रीच्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवांत बारे द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची त्यातून सुटका होते आहे; या एका कारणासाठी मी सौरपंपांचे मनापासून स्वागत करतो. पण वीज फुकट झाली की पंप बंद करायचे कारण उरत नाही. आतापर्यंत ऊन वरचे पाणी नेत होते; आता तेच ऊन खालचेही वर ओढील. त्यामुळे जमिनीत किती जाते आणि किती निघते याचा हिशेब गावाने ठेवणे पूर्वी चांगले होते, आता अत्यावश्यक झाले आहे.

तो हिशेब सुरू करायला कोणत्याही योजनेची वाट पाहू नका. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुन्या सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचे) वर्ष संपते, नव्याचे सुरू होते. घरोघर पितरांची घागर भरली जाते आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात. त्या दिवशी दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीत पाणी किती हातांवर आहे ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. दिवाळीनंतर पुन्हा मोजा. गावातल्या दहा घरांनी हे केले आणि वही ग्रामसभेत ठेवली, तर पुढची बोअर घ्यायची की नाही आणि पुढच्या वर्षी किती केळी लावायची, यावर गावाला आकड्यांनिशी बोलता येईल.